संदर्भासाठी एक नाव

१५ ऑगस्ट २०२१ हा रविवार होता. कार्यालयातले झेंडावंदन आटोपून मी घरी आले आणि संध्याकाळी बातम्या लावल्या, तेव्हा काबूल पडले होते. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले होते. बंगळूरच्या पावसाळी संध्याकाळी ते सर्व फार दूरचे वाटले. दोनच दिवसांत ते माझ्या घरी येऊन बसणार आहे, ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

ते आले आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटामुळे. एप्रिल-मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बंगळुरात खाटा आणि प्राणवायूचे सिलिंडर मिळवून देण्यासाठी नागरिकांचे असंख्य गट तयार झाले, त्यांपैकी आमचा एक. त्यात एक निवृत्त प्राध्यापक होते, चार-पाच संगणक-अभियंते होते, माझ्या शेजारच्या काकू होत्या (बँकेतून निवृत्त, माहेर बेळगावचे, कन्नड आणि मराठी सारख्याच ठसक्यात बोलणाऱ्या) आणि मी होते. मी केंद्र सरकारच्या सेवेत होते, पण माझ्या खात्याचा व्हिसाशी किंवा परकीय नागरिकांशी काडीचाही संबंध नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे मी जे केले नाही ते ह्याच 'संबंध नाही'च्या आडोशाला उभे राहून केले नाही.

१७ तारखेला प्राध्यापक एका अफगाण विद्यार्थ्याला घेऊन आले. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याचे काही आप्त अजून तेथेच आहेत. मुलगा बंगळुरात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. त्याची धाकटी बहीणही येथल्याच एका महाविद्यालयात भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर शिकत होती. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा ती काबूलला आईकडे गेली आणि तेथून ऑनलाइन तासांना बसू लागली. अशा प्रकारे घरी गेलेले आणि तेथेच अडकलेले अफगाण विद्यार्थी तेव्हा पुष्कळ होते. तिच्या पारपत्रावर भारताचा विद्यार्थी-व्हिसा होता, त्याची मुदतही शिल्लक होती. आईकडे मात्र कोणताच व्हिसा नव्हता. वडील हयात नव्हते, आणि आईला मागे ठेवून मुलगी निघायला तयार नव्हती. सर्वांत थोरला भाऊ अमेरिकन सैन्याच्या एका कंत्राटदाराकडे दुभाषा म्हणून काम केलेला. त्याची कथा निराळी, ती पुढे सांगते.

त्याच दिवशी भारत सरकारने अफगाण नागरिकांसाठी 'ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस' नावाचा नवा इलेक्ट्रॉनिक व्हिसा जाहीर केला. काबूलमधील आपल्या दूतावासाचे कर्मचारीही त्याच दिवशी हवाई दलाच्या विमानाने परतले. म्हणजे अर्ज घ्यायला तेथे खिडकी उरली नव्हती. जे काही करायचे ते संगणकावरून. आमच्या गटातील अभियंत्यांना हे सोपे वाटले. एका अर्जाला अर्धा तास, असा त्यांचा अंदाज होता. आईचा पहिला अर्ज पुरा भरायला दीड दिवस लागला.

ज्याने आयुष्यभर सरकारी नमुने तपासले आहेत, त्याला ह्यात नवल वाटणार नाही. अफगाणिस्तानात ओळखीचा मूळ कागद म्हणजे 'तझकिरा'. जुना तझकिरा हस्तलिखित असतो. त्यात माणसाचे नाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव असते. आडनाव असेलच असे नाही. जन्मतारीख तर नसतेच. 'सन १३८८ मध्ये वय ११' अशी नोंद असते. सन तेथले सौर हिजरी, वर्ष मार्चमध्ये सुरू होणारे. म्हणजे जन्म १३७७ चा. आपल्या हिशेबाने मार्च १९९८ ते मार्च १९९९ मधला कोणताही दिवस. पारपत्र काढताना तेथला कारकून बहुधा १ जानेवारी लिहून मोकळा होतो. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, त्यातलाच प्रकार. माझ्या वडिलांच्या पिढीतील निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मला आहे. पण संगणकाला गुरुजींची अडचण समजत नाही. आडनावाचा रकाना कोरा ठेवावा तर अर्ज पुढे सरकेना, भरावा तर पारपत्राशी जुळेना. पारपत्राची प्रत ३०० केबीपेक्षा मोठी नको, आणि काबूलहून आलेले छायाचित्र लहान करावे तर अक्षरे पुसट होत. काकूंनी बँकेत तीस वर्षे ग्राहकांची ओळखपत्रे तपासली होती. नावातील कोणता फरक मारक आणि कोणता क्षुल्लक, हे त्यांना आम्हां सर्वांपेक्षा चांगले कळत असे. त्या प्रत्येक विसंगतीसाठी एक वेगळे चार ओळींचे स्पष्टीकरण तयार करवून घेत. "तपासणाऱ्याला प्रश्न पडायच्या आधी उत्तर हातात पडलं पाहिजे," हे त्यांचे वाक्य मी नंतर माझ्या कनिष्ठांना अनेकदा ऐकवले.

मग तो रकाना आला. 'भारतातील संदर्भ' : नाव, पत्ता, दूरध्वनी.

मुलगा स्वतः परदेशी विद्यार्थी. प्राध्यापकांनी आपले नाव आधीच सात जणांच्या अर्जांत दिले होते. तेच नाव पुन्हा पुन्हा आले तर तपासणाऱ्याला तो धंदा वाटेल, अशी सर्वांना भीती. १९ तारखेच्या संध्याकाळी काकू माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, "तुझं नाव घालूया. सरकारी अधिकाऱ्याचं नाव दिसलं की बरं."

मी म्हणाले, "दोन दिवस द्या, काकू. विचारून सांगते."

ह्यात चुकीचे काही आहे असे मला तेव्हा वाटले नाही. एका वरिष्ठांना दूरध्वनी केला. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "नियमात बंदी नाही. पण तुम्ही त्या बाईंना ओळखता का? उद्या काही निघालं तर? कशाला पडता?" प्रशासनात 'कशाला पडता' हा सल्ला वडीलधाऱ्याच्या मायेने दिला जातो आणि तसाच घेतला जातो. तरी मी तेवढ्यावर थांबले नाही. आपण फार धाडस करतो आहोत, अशा समजुतीने २० तारखेला मी रीतसर टिपण लिहिले : अमुक परकीय नागरिकाच्या व्हिसा-अर्जात वैयक्तिक संदर्भ म्हणून नाव देण्यास अनुमती मिळावी. पदनाम वापरणार नाही, असेही त्यात नमूद केले. टिपण चांगले होते. मला टिपणे चांगली लिहिता येतात.

सोमवारी, २३ तारखेला, काकूंनी विचारले. उत्तर आले नाही, असे मी सांगितले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "अगं, सिलिंडरच्या वेळी कुणाची परवानगी घेतली होतीस?" एवढेच म्हणाल्या, आणि त्या रकान्यात स्वतःचे नाव घालून त्यांनी अर्ज पाठवून दिला.

बुधवारी, २५ ऑगस्टला, सरकारने जाहीर केले की भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाण नागरिकांचे पूर्वीचे व्हिसा रद्द समजावेत, ह्यापुढे प्रवास फक्त नव्या ई-व्हिसावर. अफगाण पारपत्रे गहाळ झाल्याचे वृत्त होते, आणि ती कोणाच्या हाती पडली हे कोणी सांगू शकत नव्हते. निर्णयामागचे कारण मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. त्या खुर्चीवर मी असते तर कदाचित हीच टिप्पणी लिहिली असती. पण त्या एका ओळीने मुलीच्या पारपत्रावरचा शिक्का निकामी झाला. त्या रात्री तिचाही अर्ज भरला गेला. पुन्हा काकूंचेच नाव.

दुसऱ्या दिवशी काबूल विमानतळाच्या ॲबी गेटपाशी स्फोट झाला. १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण मेले.

थोरला भाऊ बायको-मुलांसह त्याच दाराशी तीन दिवस उभा होता. लहान मुलाला ताप आला म्हणून २४ तारखेला घरी परतला, म्हणून वाचला. त्याच्यासाठी बंगळुरातून आम्हाला काही करता येण्यासारखे नव्हते. पण आमच्यातील एका अभियंत्याचा पूर्वीचा सहकारी कॅलिफोर्नियात होता. त्याच्या ओळखीतून एका निवृत्त अमेरिकन सैनिकापर्यंत तार जुळली. त्या दिवसांत अमेरिकेत हजारो माजी सैनिक, माजी अधिकारी आणि साधे नागरिक घरच्या संगणकापुढे बसून आपल्या जुन्या दुभाष्यांना विमानतळाच्या दारापर्यंत पोहोचवण्याची खटपट करीत होते. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना आणायला इंग्लंडातील खाजगी नावाही गेल्या होत्या, म्हणून ह्या खटपटीला 'डिजिटल डंकर्क' असे नाव पडले. एका गटाने तर फोनच्या पडद्यावर पिवळ्या अननसाचे चित्र ही खूण ठरवली होती. ती दाखवणाऱ्याला सैनिक आत ओढून घेत.

वृत्तपत्रांनी अननसाची गोष्ट छापली. मला त्या लोकांचे नंतरचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण ते आमच्या जातीचे काम होते. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्यानुसार सैन्यासाठी काम केलेल्या अफगाणांना विशेष स्थलांतर-व्हिसा मिळू शकत असे. त्यासाठी नोकरीचा दाखला लागे, आणि ज्याला कामाची प्रत्यक्ष माहिती आहे अशा वरिष्ठाचे शिफारसपत्र लागे. ह्या भावाचा कंत्राटदार केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता. त्याचा वरिष्ठ नोकरी बदलून कोठे गेला, कोणास ठाऊक. त्या निवृत्त सैनिकाने, ज्याने ह्या दुभाष्याचे तोंडही पाहिले नव्हते, पाच आठवडे शोध करून तो वरिष्ठ हुडकला. त्या माणसाने एका रात्रीत पत्र लिहून, सही करून पाठवले. अर्थात सहीनंतरही दिरंगाई चुकली नाही. कायदा म्हणतो सरकारी टप्पे नऊ महिन्यांत पुरे व्हावेत. प्रत्यक्षात ह्या कुटुंबाला अडीच वर्षांहून अधिक लागली. २०२४ मध्ये भाऊ, बायको आणि मुले कतारमार्गे अमेरिकेत पोहोचली. त्या व्हिसात बायको आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले बसतात. आई आणि बहीण बसत नाहीत.

इकडे माझ्या टिपणाचे उत्तर सप्टेंबरच्या मध्यास आले : 'सदर बाब वैयक्तिक स्वरूपाची असल्याने अनुमतीची आवश्यकता नाही.' मी तो कागद नस्तीत लावला.

माझे नाव २० तारखेलाच गेले असते तर काही फरक पडला असता का? आकडे सांगतात, नाही. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २४ नोव्हेंबर २०२१ पर्यंत असे २०० व्हिसा दिले गेले होते, आणि अर्ज हजारोंनी होते. 'ऑपरेशन देवी शक्ती'त डिसेंबरपर्यंत ६६९ जणांना आणले गेले. त्यांत ४४८ भारतीय आणि २०६ अफगाण. अफगाणांपैकी बरेचसे तेथील शीख आणि हिंदू. त्यांच्यासाठी दिल्लीत धडपडणारे शीख कार्यकर्ते होते, गुरुद्वारे होते, सरकारदरबारी शब्द टाकणारी माणसे होती. बंगळुरातील एका मुस्लिम विद्यार्थिनीसाठी शब्द टाकणारे कोण, तर एक प्राध्यापक आणि एक बँकवाल्या काकू. आकड्यांवर भिस्त ठेवून मी कित्येकदा स्वतःला निर्दोष ठरवले आहे. पण असे ठरवण्याची वेळ पुन्हा पुन्हा का येते, ह्याचे उत्तर आकड्यांत नाही.

माझी तक्रार सरकारच्या सावधपणाबद्दल नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याला 'निर्वासित' हा शब्द माहीत नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, त्यातही निर्वासितांसाठी वेगळे प्रकरण नाही. २०११ मध्ये केंद्राने एक कार्यपद्धती आखली, पण ती भारतात पोहोचलेल्यांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचे दार ठोठवायचे तर बंगळुराहून दिल्ली दोन रात्रींच्या अंतरावर. त्यामुळे होते काय, की प्रत्येक लोंढ्यासाठी आपण नव्याने उदार होतो किंवा नव्याने कठोर होतो. १९६० च्या सुमारास ह्याच राज्याने, तेव्हाच्या म्हैसूरने, तिबेटी निर्वासितांना बैलकुप्पे येथे जमीन दिली. आज तेथली शेती आणि मठ पाहायला आपण सहलीने जातो. ती उदारता खरी होती. पण तिच्यावर पुढच्या माणसाला हक्क सांगता येत नाही.

आणि साधी गोष्ट अशी, की ही मुलगी अनोळखी नव्हतीच. शिष्यवृत्ती देताना परिषदेने तिचे कागद तपासले होते. विद्यापीठात तिची हजेरी होती, परकीय नागरिक म्हणून नोंदणी होती, बंगळुरात एक वर्ष राहिल्याचा पत्ता होता. तिच्यासाठी संदर्भ देणारे सर्वांत मोठे नाव सरकारच्याच दप्तरात होते. ती यादी काढून ह्या दप्तरावरून त्या दप्तरात नेण्याचे काम कोणाच्याच कार्यसूचीत नव्हते. माझ्याही नव्हते, पण असे एक टिपण मी लिहू शकले असते. मी मात्र स्वतःच्या अनुमतीचे टिपण लिहिले.

मी कोल्हापूरची. आमच्या गावाला लागून वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. स्टालिनने सैबेरियाकडे हाकलून दिलेल्या आणि नंतर सुटका झालेल्या कुटुंबांतील बायका, मुले आणि वृद्ध. माझी आजी सांगे, त्या बाया बाजारात येऊन बोटांनी भाव करीत आणि वर्षभराने मराठीत घासाघीस करू लागल्या. लहानपणी ही गोष्ट मला आमच्या गावच्या मोठ्या मनाची वाटे. पुढे वाचल्यावर तिच्या मागचा कागद दिसला. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूताची पत्नी किरा बनासिन्स्का रेडक्रॉसचे काम पाहत असे. १९४२ मध्ये मदतीचे सामान घेऊन ट्रकांचा ताफा इराणातील मशहदमार्गे सोव्हिएत हद्दीतील अश्गाबादला गेला आणि तेथून पोलिश मुलांना घेऊन झाहेदान, क्वेट्टामार्गे हिंदुस्थानात परतला. ती मुले आधी वांद्र्याला आणि मग जामनगर संस्थानातील बालाचडीला राहिली, कारण जामसाहेब दिग्विजयसिंहांनी त्यांना माझ्याकडे पाठवा म्हणून सांगितले. वळिवड्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारने उचलला. प्रत्येक टप्प्यावर 'ह्यांची जबाबदारी कोणाची' ह्या प्रश्नापुढे एक नाव लिहिलेले होते. २०१७ मध्ये वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक झाले. २०२४ मध्ये पंतप्रधान तेथे गेले तेव्हा कोल्हापूरकरांना झालेला आनंद मलाही झाला. पण त्या दिवशी काकूंचा फोन आला. "पाहिलंस ना टीव्हीवर?" म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विषय बदलला.

येथे असलेल्या भावाला व्हिसाची मुदतवाढ मिळाली. त्याने अभ्यास पुरा केला आणि तो जर्मनीत गेला. बहिणीने २०२२ पर्यंत काबूलहून ऑनलाइन परीक्षा दिल्या. वीज असेल तेव्हा. शेवटच्या सत्राचे प्रात्यक्षिक प्रत्यक्ष हजर राहून द्यावे लागते, ते राहिले ते राहिलेच. २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद केली. त्यानंतर ती घरीच शेजारच्या आठ-दहा मुलींना गणित शिकवते. थोरला भाऊ तिच्यासाठी अमेरिकेत प्रयत्न करणार होता. जानेवारी २०२५ मध्ये तेथील निर्वासित-प्रवेशच थांबवण्यात आले. ज्या निवृत्त सैनिकाने पत्र मिळवून दिले, तो अजून त्याला दरमहा फोन करतो.

२०२५ मध्ये भारताने अफगाण नागरिकांसाठी नवी व्हिसा-व्यवस्था सुरू केली. ऑक्टोबरमध्ये काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. काकू आता ८० च्या घरात आहेत, डोळ्यांना कमी दिसते. नोव्हेंबरमध्ये त्या लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीचा नवा अर्ज, विद्यार्थी म्हणून, राहिलेल्या सत्रासाठी. तझकिऱ्याचे भाषांतर, विद्यापीठाचे पत्र, नावातील फरकाचे चार ओळींचे स्पष्टीकरण, सारे क्रमाने लावलेले. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला होता आणि त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी आता निवृत्त आहे. नाव लिहिले, घरचा पत्ता लिहिला, माझा स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिला. अर्ज गेला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. पडताळणीसाठी फोन येऊ शकतो, असे सूचनांमध्ये म्हटले आहे, म्हणून अनोळखी क्रमांकांचे फोनही मी हल्ली घेते. बहुतेक कर्ज देणाऱ्यांचे असतात.